तुळसाबाईंच्या मोरीतला बाक

आमचे हे, इंद्रभान, सहा वर्षं रेल्वेच्या क्वार्टरांत नळाच्या मिस्त्रीच्या हाताखाली होते. हात बसला तशी ती नोकरी सोडून चौऱ्याहत्तर साली वाशीमला परत आले आणि स्वतःचं काम धरलं. मागे फिरायला जागा नव्हती. पहिलं काम बिघडलं तर जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायला जावं लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ते पहिलं काम तुळसाबाईंचं. त्यांच्या भांडी घासायच्या मोरीला लागूनच देवघर. मोरीचं पाणी उघड्या भोकातून मागच्या नालीत पडे आणि नालीचा सगळा वास देवघरात येई. बाई म्हणत, उदबत्ती देवाले लावतो का नालीले, तेच समजत नाही. ह्यांनी मोरीखाली बिडाचा पाइप टाकला आणि त्याला बाक दिला. बाकात पाणी साचून राहतं, त्या पाण्याआडून वास वर येत नाही. क्वार्टरांत असंच करत.

वास गेला. बाईंनी शेजारणींना बोलावून देवघर हुंगायला लावलं.

बाराव्या दिवशी मोरी तुंबली आणि खरकटं पाणी देवघरात शिरलं. ह्यांनी बाक सोडवला. आतून काळा चिखल निघाला. नालीचाच गाळ उलटा आला असेल असं समजून त्यांनी तो धुऊन परत बसवला. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग तुळसाबाई स्वतः आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या.

"इंद्रभान, तुया पाइपानं माया देवाले खरकट्यानं आंघोळ घातली. काढून टाक थे लोखंड. त्याच्यापरीस वास बरा."

ह्यांनी दोन दिवस मागितले. दोनच, म्हणाल्या, मग गवंडी आणून उपटून टाकतो.

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. मी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि अंगणात भांडी घासायला बसले. आमची मोरी म्हणजे एक फरशी, पाणी वांग्याच्या वाफ्यात जाई. हे बाजूला उकिडवे बसून नुसते पाहत होते. लग्नाला पाच वर्षं झाली होती; बायको भांडी कशी घासते ते त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"तू रोज राखच घेतं काय?"

"मंग कायनं घासू?"

"क्वार्टरात बाया पावडरीनं घासत."

"तिथं चुली नवत्या, राख आनतील कुठून? आन् राख काही पान्यात विरत नाही. थे पाहा वाफ्यात."

वाफ्याच्या तोंडाशी राखेचा थर बसला होता, नारळाच्या शेंड्या अडकून पार घट्ट झालेला. त्यांनी तो बोटानं खरवडला, हुंगला आणि उठून हात धुतले. मग मला ताट वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकाच्या अलीकडं हातभर खोल चौकोनी खड्डा बांधला, वर फरशीचं झाकण. राख तळाशी बसेल, वरचं पाणी तेवढं बाकात जाईल. आठवड्यातून एकदा झाकण उघडून राख काढायची. सिमेंट वाळेपर्यंत थांबायला बाई कशाबशा तयार झाल्या.

मग बाई घासायला बसल्या. पण पुन्हा तुंबेल या धाकानं चिमूटभरच राख घेत होत्या. ह्यांनी सांगून पाहिलं, ऐकेनात. त्या घरात हे कामापुरते मागच्या दारानं मोरीपर्यंत जात. भांड्यांना आमच्या वस्तीतल्या माणसानं हात लावायची रीत नव्हती. शेवटी हे म्हणाले, "बाई, मले घासू द्या."

बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग त्यांनी काळी कढई पायानं नाही, हातानं पुढं सरकवली.

ह्यांनी दोन मुठी राख घेऊन ती घासली आणि तीन बादल्या पाणी ओतलं. पाणी मागं नालीत पडल्याचा आवाज आला. झाकण काढलं तर राख तळाशी. बाईंनी कढई उचलली, उजेडाकडं धरून पाहिली आणि तशीच फळीवर पालथी घातली. परत धुतली नाही.

कढईचं हे त्यांनी मला आठ दिवसांनी सांगितलं, तेही दुसऱ्याच गोष्टीच्या मध्ये. तोवर बाईंनी त्यांना गल्लीतल्या दोन मोऱ्या मिळवून दिल्या होत्या.

पुढं जऊळक्यापासून धनजपर्यंत त्यांनी कितीतरी मोऱ्या केल्या. कुठंही गेले की माप घ्यायच्या आधी विचारत, बाई, भांडे कायनं घासता? बाया तोंडाला पदर लावत. एकीनं तर आतल्या सासूला हाक मारून विचारलं होतं, "आत्याबाई, हा नळवाला हाय का सोयरीक पाहाले आला?"