मॅडमचा विषय

पहिलं वर्ष संपता संपता आम्हाला मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडायचा होता. माझ्याकडे इतिहास, भूगोल आणि तत्त्वज्ञान असे तीन विषय होते, त्यातला एकच पुढे पदवीपर्यंत न्यायचा. आमच्या कराडच्या कॉलेजात त्या दिवसांत प्राध्यापकांची नुसती धांदल उडालेली. ज्या मेजरला पुरेशी मुलं मिळणार नाहीत तो सुरूच होणार नव्हता. त्यामुळे एरवी वर्गात मान वर करून न बघणारे सरसुद्धा जिन्यात गाठून विचारायचे, "काय, अभ्यास कसा चाललाय?" माझं तर डोकंच फिरायचं.

घरी उंब्रजला वडिलांना विचारलं. ते लष्करातून निवृत्त झालेले, हुकूम सोडणं अंगात मुरलेलं. पण इथं त्यांनी हात वर केले. "आमी काय बारावीच्या म्होरं गेलोय व्हय? तुझं तू बघ. पण एकदा घेतला की रडायचं न्हाई."

मला काही बघायचंच नव्हतं. तत्त्वज्ञान घ्यायचं, कारण ते शिकवणाऱ्या मॅडम मला जीव की प्राण होत्या. सांगलीजवळच्या माधवनगरहून त्या रोज यायच्या. वर्गात आल्या की शेवटच्या बाकावरच्या पोरीलाही वाटायचं, या माझ्याशीच बोलतायत. ज्यांचा मेजर ठरत नाही त्यांना सल्ला द्यायचं कामही कॉलेजनं त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. माझं ठरलेलं होतं, तरी त्यांच्यापाशी बसायला मिळेल म्हणून मीही गेले.

त्यांची रीत वेगळीच होती. काय आवडतं, असं त्या विचारायच्याच नाहीत. म्हणाल्या, "आठवडाभर तिन्ही विषयांच्या वरच्या वर्गांना मागं जाऊन बस. शनिवारी ये आणि काय ऐकलंस ते मला सांग. वही आणायची नाही."

शनिवारी गेले. इतिहास दोन वाक्यांत आटोपला. भूगोलाच्या तासाला आमच्या भागातले चढउतार दाखवणारा मोठा नकाशा लावला होता, त्यात मी आमचं गाव शोधून काढलं होतं. तारळी नदी, मग ओढा, मग आमचा मळा. खालच्या सऱ्यांत दरवर्षी पाणी तुंबून ऊस पिवळा का पडतो, ते मी त्यांना सांगायला लागले. टेबलावर बोटानं उतार काढला, मध्ये येतो म्हणून त्यांचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. चहा गार झाला तरी त्या मला थांबवत नव्हत्या.

"आता तत्त्वज्ञान," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुम्ही लय भारी शिकवलंत मॅडम. तो खडू हातात धरून तुम्ही विचारलंत ना, आणि सगळा वर्ग गप्प झाला..."

"मी काय केलं ते कळलं. विषय काय होता?"

मला आठवेना. त्या हसल्या. "अगं, तुला मी आवडते, माझा विषय नाही. मी काय जन्मभर तुझ्याबरोबर येणार आहे? तू भूगोल घे."

मला इतका राग आला की त्यांच्याकडे न बघता उठले. पण घेतला भूगोलच. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते मला तिथंच कळलं होतं, म्हणून तर राग.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा फलकावर सूचना लागली होती. पुरेसे विद्यार्थी नसल्यामुळे तत्त्वज्ञानाचा मेजर यंदा सुरू होणार नाही. मी तशीच मॅडमच्या खोलीकडे धावले आणि दारातूनच ओरडले, "मॅडम, तुमाला ठाऊक हुतं!"

"होतं की."

"मग मला कशापायी घालवलंत? माझ्यासारख्या आणखी किती जणींना घालवलं असंल! बंद पडला न्हवं तुमचाच विषय?"

"म्हणून काय तुला ओलीस ठेवायची होती?"

मला रडू फुटलं. एवढं मोठं मन मी तोवर जवळून पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मला रडू दिलं, पाण्याची बाटली पुढं केली, मग म्हणाल्या, "बास आता. बाहेरच्यांना एकेक करून आत पाठव."

बाहेर बाकावर मुलं दाटीवाटीनं बसली होती. मॅडमचा विषय मनापासून घेतलेली ती तेवढीच. त्यांतल्या प्रत्येकाला आता मॅडमना दुसरा मेजर शोधून द्यायचा होता.