खाऱ्या पाण्यावरचा हुरडा

नवरा रास लफानच्या गॅस कारखान्यात शिफ्टवर जायचा आणि मी दोह्यातल्या एका विद्यापीठात ज्वारीला पाणी घालायचे. हुद्दा संशोधन सहायकाचा, पण कामाचं खरं वर्णन हेच. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आमचे प्रोफेसर सुदानचे. आफ्रिकेतल्या दुष्काळी मुलखात खाऱ्या पाण्यावर तगेल अशी ज्वारी शोधायची, हा त्यांचा प्रकल्प. दोन हिवाळे पेरलेलं जळून गेलं. प्रोफेसर इन्शाल्ला म्हणत पुन्हा पेरायचे. तिसऱ्या हिवाळ्यात एक ओळ मात्र भरघोस कणसांवर आली. आफ्रिकेतल्या विद्यापीठांचे पाहुणे ती बघायला येणार होते. त्यांना पसंत पडली तर तिचं बी तिकडच्या शेतांत जाणार, नाहीतर प्रकल्प बंद.

अडचण पाखरांची होती. एवढ्या वाळवंटात हिरवं तेवढंच, त्यामुळे कतारमधली झाडून सगळी पाखरं आमच्याकडे जेवायला. त्याच वेळी माझे सासरे, मामा, सोलापूरकडच्या गावाहून व्हिजिट व्हिसावर आले होते. आम्ही राहायचो त्या अबू हमूरला गाडीशिवाय पान हलत नाही, म्हणून ते दिवसभर गच्चीत बसून समोरच्या भिंतीला नावं ठेवायचे. भिंत संपल्यावर माझ्या भाकरीकडे वळले, तेव्हा मी त्यांना उचलून राखणीला नेऊन बसवलं. मामांनी पत्र्याचा डबा बडवून पाखरं पिटाळली आणि प्रोफेसर खूश झाले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासन्‌तास गप्पा मारायचे. घरी माझ्याशी दोन शब्द बोलताना मामांचं तोंड दुखायचं.

पाहुणे आले त्या दिवशी प्रोफेसर आणि मी सभागृहात प्रोजेक्टरशी झटत होतो. तो काही सुरू होईना, म्हणून ड्रायव्हरने पाहुण्यांना आधी शेतावर नेलं. मागून आम्ही धावत पोचलो, तर तिकडून धूर येत होता.

मामांनी आगटी पेटवली होती. इथे गोवऱ्या कुठल्या? म्हणून बार्बेक्यूचा कोळसा. पाहुणे सूटबुटात मातीत मांडी घालून बसले होते आणि मामा भाजलेली कणसं तळहातावर चोळून एकेकाला गरम दाणे देत होते, वर आपल्या जेवणाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी. कणसं अर्थातच त्या एका ओळीतली. पाहुण्यांना काय रोगट द्यायची?

"मामा, हे काय केलंत?" मी रडकुंडीला आले होते.

"आगं, दाणं हुरड्यात आल्यात आन् पाव्हणं शेतात. तसंच लावून दिवू व्हय?"

मला मामांचा भयंकर राग आला. पाहुणे मात्र रंगात आले होते. त्यांच्या प्रमुख, इथिओपियाच्या एक बाई, भरल्या तोंडाने म्हणाल्या, "आमच्याकडेही असंच भाजतात. चटणी तेवढी नसते." आणि त्यांनी चटणी परत मागितली.

प्रोफेसर आपल्या ओळीकडे बघत होते. अर्धी ओळ बोडकी झाली होती. मामांनी त्यांच्याही हातावर दाणे ठेवले. त्यांनी ते सावकाश खाल्ले आणि डोळे पुसले. मला वाटलं, धूर गेला असेल.

"मी लहान असताना आम्ही सगळं पीक असं हिरवंच खाल्लं होतं," ते मला म्हणाले. "पिकेपर्यंत थांबायला घरात दुसरं काही नव्हतं. पुढच्या वर्षी पेरायला दाणा राहिला नाही. हिरवी कणसं हसत खाणारी माणसं मी आज पहिल्यांदाच बघतोय."

मी ते मामांना मराठीत सांगितलं. मामा उठले, धोतर झटकलं आणि उरलेल्या कणसांपुढे जाऊन उभे राहिले. बाईंनी आणखी एका कणसाकडे हात नेला, तो त्यांनी हळूच मागे सारला.

"न्हाई, बाई. ही आता बियाण्याला."

बाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी हात पदरासारख्या शालीला पुसला आणि मामांकडे बघून म्हणाल्या, "त्यांना सांगा, त्या बियाण्याची पहिली ओंजळ आमची."