दुसऱ्याचं खरं

बिराजदार मामा दुकानात आलेला लॅपटॉप स्वतः कधी सुरू करत नसत. "दाबा बटन," असं गिऱ्हाइकालाच सांगत आणि गिऱ्हाईक बटण दाबत असताना स्क्रीनकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत बसत. कुणी हटकलं तर म्हणत, "स्क्रीन काळी हाय म्हणून तर आलाव न्हवं तुम्ही? तिच्याकडं काय बघू?" ज्याने चहा सांडलेला असतो तो कीबोर्डकडे बघतो, ज्याच्या हातून पडलेला असतो तो कोपऱ्याकडे बघतो आणि बायकोच्या हातून पडला असेल तर रस्त्याकडे बघतो, असं त्यांचं निदानशास्त्र होतं. लातूरच्या गंजगोलाईमागे एका बोळात त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. तिथे आधी रेडिओ दुरुस्त झाले, मग टीव्ही, मग लॅपटॉप. माणूस मूळचा निलंग्याकडचा, त्यामुळे होकार द्यायचा झाला की कधी "हाव" यायचं, कधी कानडीतलं "हौदु". मामा जाऊन आता दीड वर्ष झालं.

मी त्यांच्यासमोर बटण दाबलं तेव्हा मी अण्णांकडे पाहिलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. किल्लारी ते लातूर जीप चालवायचे. मी लातूरला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होते, आणि तीही तिसऱ्यांदा. पहिल्या खेपेला मार्क कमी पडले, दुसऱ्या खेपेला त्याहून कमी. तिसऱ्या खेपेला अण्णांनी माझ्या बॅगा सरळ जीपच्या टपावर टाकल्या आणि दोरी आवळली. होस्टेलच्या खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की समोर दुसऱ्या होस्टेलची भिंत. मोबाईल ऑफिसात जमा. अभ्यासिकेत प्लायवूडचे खण होते. त्यात बसलं की माझी छाती आवळून यायची आणि तेच पान तासभर समोर राहायचं. आईला सांगावं तर ती म्हणायची, "अण्णाला बोल." अण्णांशी बोलायला तोंड उघडावं तर ते जीपमधल्या लोकांना सांगत असायचे, "ही आमची डॉक्टरीण." सगळे उतारू वळून कौतुकाने बघायचे आणि मी खिडकीबाहेर बघायला लागायची.

क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स आणि रोजच्या टेस्ट, सगळं चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर होतं. अण्णांनी जीपच्या डॅशबोर्डवरचा चुंबकाचा छोटा गणपती काढून मला आणून दिला होता. "ह्येनं मला एकबी अपघात होऊ दिला न्हाई, तुलाबी पार नेईल," म्हणाले. एक दिवस तो गणपती मी लॅपटॉपच्या कडेवर ठेवला आणि स्क्रीन फट्कन काळी झाली. उचलला, परत उजेड आला. चार-पाच वेळा करून पाहिलं. मग मी गणपतीच्या बुडाचं बटणाएवढं चुंबक कोरून काढलं आणि लॅपटॉपच्या खालच्या झाकणात सरकवून स्क्रू लावून टाकला. लॅपटॉप बंद पडला तर अभ्यास बंद पडेल आणि अभ्यास बंद पडला तर घरी नेतील, एवढंच माझं गणित होतं. गणपतीची मात्र मी हात जोडून क्षमा मागितली होती.

दुकानात मी बटण दाबल्यावर मामांनी लॅपटॉपला कान लावला. "पंखा फिरायलाय. आत समदं चालू हाय," म्हणाले. मग अण्णांना म्हणाले, "कोपऱ्यावर तीन चहा सांगून येता का?" अण्णा बोळातून बाहेर पडले तसं मामांनी खालचं झाकण उघडलं. पेचकसाच्या टोकाला चिकटून चुंबक बाहेर आलं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

"ह्याला वाटतंय झाकण लावलेलं हाय, म्हणून उजेड मालवून बसलंय," ते म्हणाले. "किती दिस झाले?"

"अकरा."

"घरी जायचंय?"

मला रडू आवरेना. "अण्णांना सांगू नका, मामा," एवढंच म्हणता आलं.

"हे बघ, मी खोटं बोलत न्हाई. अन् दुसऱ्याचं खरंबी बोलत न्हाई. ते ज्याचं त्यानं बोलावं." असं म्हणून त्यांनी चुंबक होतं तिथे परत ठेवलं आणि स्क्रू आवळला. अण्णा चहा घेऊन आले तेव्हा त्यांना म्हणाले, "चार दिस ठेवून जा."

"पण झालंय काय त्याला?"

"ते कळंल तुम्हाला."

खोटं बोलत नाही, हा त्यांचा नुसता बोलायचा बाणा नव्हता. पुढच्या दिवसांत मी दुपारच्या सुट्टीत दुकानात जाऊन बसायची, तेव्हा एक साहेब आले होते. ऑफिसकडून नवीन लॅपटॉप मिळावा म्हणून जुन्याचा मदरबोर्ड जळाल्याचं त्यांना मामांकडून लिहून हवं होतं. मामांनी कागद-पेन पुढे ओढलं आणि म्हणाले, "मदरबोर्ड ठणठणीत हाय. तसं लिहू का?" साहेब तणतणत गेले. मामा मला कधी उपदेश करत नसत. मी निघाले की फक्त विचारत, "बोलली का?" मी मान हलवायची. "बरं, उद्या." चाराचे आठ दिवस झाले, आठाचे बारा.

बाराव्या दिवशी अण्णा मला होस्टेलवरून घेऊन थेट दुकानात आले. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. अण्णा त्यांच्यासमोरच सुटले. "बारा दिस! हितं माझ्या पोरीचं वर्ष चाललंय. जमत न्हाई तर पाटी काढून घ्या की! रेडिओ गेले तवाच तुमचं काम संपलंय." मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "ह्या माणसाकडं काय देऊ नका बाबांनो, घालवून बसाल."

एक स्क्रू फिरवला असता तर मामांची अब्रू वाचली असती. त्यांनी पेचकसाला हातसुद्धा लावला नाही. लॅपटॉप पिशवीत घातला, चेन लावली आणि माझ्या हातात दिला.  आज नांदेडच्या शाळेत मुलांना भूगोल शिकवते, भर सभेत बोलते, पण त्या दिवशी मी गप्प राहिले याची लाज अजून गेलेली नाही.

अण्णांनी जीप नांदेडच्या रस्त्याला घातली. "तिथं मोठं दुकान हाय, आज उघडूनच बघतील. न्हाईच झालं तर नवा घेऊ, तू काळजी करू नको," ते म्हणत होते. मांडीवर लॅपटॉप, एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला अण्णा. चाकूर दिसायला लागलं तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. चुंबक, अकरा दिवस, प्लायवूडचा खण, छातीतली आवळण, सगळं रस्त्याकडे बघत बोलले. अण्णांनी जीप कडेला घेतली.

इंजिन बंद केलं. मग विचारलं, "त्या माणसाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी."

 अण्णांनी जीप वळवली.

मामा एकटेच दुकानात होते. अण्णा दारात उभे राहिले. आयुष्यात कुणाची माफी मागितलेला माणूस नव्हता तो. "लई बोललो मी तुम्हाला," असं कसंबसं म्हणाले.

"हाव, बोललाव," मामा म्हणाले आणि बसायला स्टूल सरकवलं.

अण्णा बसले नाहीत. माझ्या हातातली पिशवी घेऊन त्यांनी पुढे केली. "आता ह्येचं काय करू?"

"घरी न्या. हिलाबी न्या."

"अन् घरी नेऊन हिचं काय करू?"

"ते हिला इचारा. मी लॅपटॉपवाला हाय."

अण्णा वळले. पिशवी त्यांच्या हातात तशीच लटकत होती. "काय करायचंय गं तुला?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक न्हाई, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "बरं," म्हणाले. "बस जीपमधी."