उघड्या डोळ्यांची प्रार्थना

नगरच्या स्टेशनावर मला पोचवायला कोणी आलं नव्हतं, आणि यावं असं कोणी घरात उरलंही नव्हतं. बाबा आदल्या वर्षी गेले आणि त्यांच्यामागे पावसाळ्यात माझी बायको सरला गेली. नाताळ तोंडावर आला होता. रिकाम्या घरात सणाचं जेवण एकट्याने मला जेवायचं नव्हतं. म्हणून शाळेतून रजा काढली (सुतारकामाचा मास्तर चार दिवस नसला तर पोरांना आनंदच होतो) आणि धाकट्या बहिणीला, करुणाला, नाताळसाठी माहेरी आणायला यवतमाळकडे निघालो.

करुणा तिकडे नर्सचं काम शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. दवाखान्यात एक बाई आजारी होती, तिचा मुलगा देवराव उशाशी बसून असायचा. त्याच्याशी करुणाने लग्न केलं. या मायलेकांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. बाबांनी तेव्हा दार लावून घेतलं ते शेवटपर्यंत उघडलं नाही. पत्रातून ख्यालीखुशाली कळायची, पण तिचं घर मी पाहिलं नव्हतं. निघताना आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, हरवलेलं मेंढरू आहे, कळपात घेऊन या. मला मेंढरू नको होतं, बहीण हवी होती. पण पाळकांशी वाद कोण घालणार? मी मान डोलावली.

मनमाडला गाडी बदलली, मूर्तिजापूरला पुन्हा बदलली. तिथून यवतमाळला जाणारी छोटी गाडी म्हणजे गाडी कसली, घाई नसलेल्या माणसांची बैठक. एका चढावर समोरचे आजोबा खाली उतरले, रुळाकडेच्या बोरीची मूठभर बोरं तोडली आणि चालत येऊन परत आपल्या जागेवर बसले. माझ्या ओंजळीतही बोरं टाकली. मी सवयीप्रमाणे डोळे मिटून आभार मानायला लागलो. उघडले तर आजोबा मिश्किल हसत होते. "लागला वाटते डोया?" असं त्यांनी विचारलं. मी प्रार्थना करत होतो म्हटल्यावर ते म्हणाले, बोरासाठी एवढी, तर पंगतीत बसल्यावर तुम्ही उठता कधी? सगळा डबा हसला, मीही हसलो. खरं तर सरला गेल्यापासून माझी जेवणाआधीची प्रार्थना फारच लांबत चालली होती. त्याचं कारण मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

यवतमाळहून राळेगावची एसटी धरली. महाराष्ट्र राज्य नवं, गाडीवरची अक्षरं नवी, टायर तेवढं जुनं. ते वाटेत बसलं आणि आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. रस्त्याने कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) सरकी काढायच्या जिनाकडे चालल्या होत्या आणि दुतर्फा बाभळींना कापसाचे पुंजके लटकले होते. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी (कपाशी), मधून तुरीच्या ओळी. उतारूंमध्ये सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागत होते. मी मात्र वळकटीवर बसून होतो. एवढ्या मोठ्या मुलखात माझं म्हणावं असं एकच माणूस आहे, आणि तेही आता माझं आहे की नाही कोण जाणे, असं मनात येऊन गेलं.

करुणाचं गाव राळेगावपासून थोडं आत आहे. एका बंडीवाल्याने अर्ध्या वाटेवर आणून सोडलं, पुढे चालत गेलो. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. करुणा राळेगावच्या दवाखान्यात कामावर, देवराव तिथल्याच जिनात. घरी एकट्या तिच्या सासूबाई होत्या. सडपातळ, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मी आम्हा ख्रिस्ती लोकांच्या सवयीने "सलाम" म्हटलं, त्यांनी "जय भीम" म्हटलं. मी करुणाचा भाऊ हे कळताच त्यांनी पायावर पाणी घातलं आणि लगेच चुलीपाशी गेल्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो.

घर शेणाने सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मावशींनी पितळी मांडली. गरम भाकर, वांग्याची भाजी, वर तेलाची धार. मी मांडी घातली, हात जोडले, डोळे मिटले. दोन दिवसांचा प्रवास, बहिणीचं घर, पुढ्यात गरम अन्न. बाबा आठवले, सरला आठवली. किती वेळ मिटून बसलो होतो मलाच कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा पितळी पुढ्यात नव्हती. मावशींनी ती उचलून चुलीशी नेऊन ठेवली होती आणि त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"जेवाचं नसन तं सांगून द्या, पाव्हणे," त्या म्हणाल्या. "ताटापुढं डोये मिटून कायले बसता? आता आमी कोनाले जेवा म्हणून हात जोडत नाही."

मी घाईघाईने सांगितलं, ही आमची प्रार्थना असते, अन्नाबद्दल देवाचे आभार मानतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "करुणा बी तुमच्याच देवाची हाये ना? ती तं कधी डोये मिटून बसली नाही."

त्यांनी मला खोटारडा ठरवलं याचं वाईट वाटलं, पण त्याहून मोठा घाव वेगळाच होता. करुणाने प्रार्थना सोडली? मग पाळक म्हणाले तेच खरं, आणि मी उगाच इतक्या लांब आलो. उपाशीपोटी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. समोरून बायका कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन परतत होत्या, माझ्याकडे बघत होत्या. इतकं एकटं मला सरलाला मातीआड करून परतलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दिवे लागायच्या आत करुणा आली, सायकलवर. मला पाहून तिने सायकल तशीच आडवी टाकली. रडून झाल्यावर मी घडलेलं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही.

लग्न होऊन ती या घरात आली त्याच दिवशी देवरावने तिला याचं कारण सांगून ठेवलं होतं. मावशींच्या तरुणपणी गावातले एक मोठे गृहस्थ काही कामासाठी दारी आले. मावशींनी नव्या कपात चहा दिला. गृहस्थ कपासमोर डोळे मिटून बसले, चहा गार झाला, मग काम आठवलं म्हणून कपाला न शिवताच उठून गेले. तो कप मावशींनी फोडून टाकला. तेव्हापासून ताटापुढे थांबलेला माणूस त्यांना बघवत नाही.

"म्हणून मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करते, दादा," करुणा म्हणाली. "त्या वाढत असतात तेव्हा त्यांच्या हाताकडे बघते. आभार तिथेच मानून होतात."

रात्री चौघे एकत्र जेवायला बसलो. देवराव मोकळा माणूस, जिनातल्या गमती सांगत होता. मावशी वाढत होत्या. त्यांनी माझ्या ताटात भाकर टाकली आणि हात मागे घेतला नाही. मी त्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर बोंडांच्या काट्यांचे बारीक काळे ओरखडे होते. आयुष्यभर डोळे मिटून आभार मानले, पण वाढणारे हात मी कधी नीट बघितले नव्हते, सरलाचेसुद्धा. मनातल्या मनात दोन शब्द बोललो आणि घास मोडला. मावशींनी न विचारता दुसरी भाकर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडेच शब्द टाकला. करुणाला नाताळपुरती न्यायची आहे, तुम्ही हो म्हणाल तर. "मले काय इचारता?" त्या म्हणाल्या. "तिचे पाय, तिची वाट. तिले इचारा."

करुणाला दवाखान्यापर्यंत सोबत करायला निघालो. ती सायकल हातात धरून चालत होती. बोलता बोलता तिच्या तोंडून "मले" निघून जाई आणि ती स्वतःच दुरुस्त करी. मी सांगितलं, घर रिकामं आहे, तू आलीस तर सण होईल. तिने सायकल रस्त्याच्या कडेला घेतली. मग तिने विचारलं, पाळक काय म्हणाले? मला खोटं बोलता येत नाही. मी मेंढराचं सांगून टाकलं.

"तेच," ती म्हणाली. "तिथे सगळे डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना करतील, आणि मी समोर उभी आहे हे कोणी बघणार नाही. तुझ्यासाठी यावंसं वाटतंय, दादा. पण नाही येत."

मी तिचा हात धरून आग्रह करू शकलो असतो. लहानपणी माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. पण ती म्हणत होती ते खरं होतं. दवाखान्याच्या पायरीवर दोन बाया तान्ही मुलं घेऊन तिची वाट बघत होत्या. ती आत गेली आणि मी एकटाच त्या पऱ्हाटीतून परतलो. वाटेत रडलो, तिथे बघायला कोणी नव्हतं.

निघायच्या सकाळी मावशींनी ताट वाढलं आणि जवळ बसल्या. म्हणाल्या, "तुमचं करून घ्या, पाव्हणे. घाई नाही. मी बसली हाये." मग मुद्दाम चुलीकडे तोंड वळवून त्यांनी उगाच लाकडं सारखी केली. मी डोळे मिटले, पण फार वेळ मिटून राहावलं नाही. निघताना त्यांनी फडक्यात तुरीच्या हिरव्या शेंगा बांधून दिल्या. नाताळाले उकडून खा, म्हणाल्या. मीठ टाकायला विसरू नका, हेही बजावलं.

नगरला पाळकांनी विचारलं, आणलंत का? मी म्हटलं, ती हरवलेली नाही, तिच्या घरी आहे. त्यांना ते फारसं रुचलं नाही.

नाताळाच्या दिवशी उपासनेहून आलो, शेंगा उकडल्या, मीठ टाकलं आणि पाट मांडून बसलो. समोरच्या भिंतीला सरलाचा पाट टेकून ठेवलेला होता. माझी प्रार्थना का लांबत गेली होती ते आता सांगायला हरकत नाही. डोळे मिटले की ती त्या पाटावर बसली आहे असं मला वाटायचं, आणि उघडावेसे वाटायचे नाहीत. त्या दुपारी मी डोळे उघडे ठेवले. पाट रिकामा होता. मी त्याच्याकडे बघतच देवाचे आभार मानले, सरलाच्या हातांबद्दल, मावशींच्या हातांबद्दल, राळेगावच्या दवाखान्यात त्या वेळी कोणाचं तरी बाळ धरून उभी असेल तिच्याबद्दल.

प्रार्थना लवकर संपली. शेंगा मात्र संपता संपेनात.