दत्तूच्या वाट्याची धून

नव्वदच्या दशकात आमची पलटण काश्मीरमध्ये होती. मी पाइप बँडमध्ये नाईक. सकाळी पीटी, मग पाइपचा, म्हणजे बॅगपाइपचा सराव, संध्याकाळी झेंडा उतरवताना रिट्रीटची धून. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, बँडवाला म्हणजे परेडपुरता जवान. चकमक सुरू झाली की पाइप पेटीत जातात आणि बँडवाले स्ट्रेचर उचलतात.

माझ्या स्ट्रेचरचं दुसरं टोक लान्स नाईक दत्तू पाटीलकडे असे. तोही बँडमध्ये पाइपच वाजवायचा. गाव शाहूवाडी तालुक्यात.

एका दुपारी रेडिओवर आवाज आला. "दोन कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पार्टी पाठवा. ओव्हर."

पहिला जखमी आम्ही खाली आणला. दुसऱ्यासाठी चढताना दत्तू पुढे होता. "वस्ताद, दम लागला व्हय?" त्याने मागे वळून विचारलं. तेवढ्यात गोळी त्याच्या मानेत लागली. जखमीला मी दुसऱ्या जवानाबरोबर आणलं. दत्तूला शेवटी आणलं.

पार्थिव गावी निघालं. पाइप घेऊन बरोबर जाण्याची मी परवानगी मागितली.

"ऑपरेशन चालू आहे. कोणी जाणार नाही," कमांडिंग ऑफिसर म्हणाले.

आदेश बरोबर होता. राग अजून गेलेला नाही. दत्तूने कितीतरी जणांसाठी शोकधून वाजवली. त्याच्या चितेपाशी कोणी वाजवली नाही.

पेन्शनवर आलो आणि कोल्हापुरात शिवाजी पेठेत बँडच्या सामानाचं दुकान काढलं. कुणाच्या मेहरबानीवर नाही. दोन हजार सालानंतर एकदा कॅमेरून नावाचा गोरा साहेब दुकानात आला. मुंबईत नोकरी करणाऱ्या स्कॉटिश लोकांचं एक मंडळ होतं, त्याचा तो सेक्रेटरी. वर्षातून एकदा ते किल्ट, म्हणजे त्यांचे चौकड्यांचे घागरे घालून जमत, त्यांच्याकडचं जेवण करत, नाचत आणि युद्धात पडलेल्या आपल्या माणसांची नावं वाचत. त्यांचा पाइपर मायदेशी परतला होता. नावांनंतर शोकधून वाजवायला माणूस हवा होता.

शेजारचा पानपट्टीवाला ओरडला, "पावणं, मिल्ट्रीवाला हाय त्यो! भाव कमी व्हायचा न्हाय!"

"पैसे तुम्ही ठरवा," मी साहेबाला हिंदीत सांगितलं. "पण एक नाव माझ्याकडचं वाचायचं."

"ती आमच्या लोकांची नावं आहेत."

"मग फुंकायलाही तुमचाच माणूस आणा."

साहेब पायऱ्या उतरला. उतरत्या गिऱ्हाइकाला मी हाक मारत नाही. त्या दिवशी मात्र जीभ दाताखाली धरावी लागली. रस्त्यावर तो थांबला.

"रँक काय होती?" त्याने विचारलं.

मुंबईच्या हॉलमध्ये सगळे उभे राहिले. शेवटचं नाव लान्स नाईक दत्तू पाटील. मी वाजवलं. नंतर ते आपल्या गावाकडच्या गोष्टी काढून हसत बसले. मी पाइप पुसले आणि कोपऱ्यात जेवलो. घर त्यांनाही लांबच होतं, पण बोलायला माणसं होती.

परत आल्यावर दत्तूच्या आईकडे गेलो. ती तांदूळ पाखडत होती.

"लई माणसं हुती?"

"हॉल भरला हुता. समदी उभी ऱ्हायली."

"आपल्याकडचं कोण हुतं?"

"मी हुतो की, आई."

तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजी पुन्यांदा तुमी दोघंच."