आमच्या मंडळाचा लाइनमन

माणसाचे किस्से तो स्वतः कधी साठवत नाही. ते त्याच्या माघारी, इतरांच्या चहाच्या कपांभोवती साठतात. आमचं उपासना मंडळ लीड्समध्ये दर शनिवारी दुपारी एका चर्चच्या हॉलमध्ये भरतं. एक तास स्तोत्रं, अर्धा तास चहा. स्तोत्रं वेळेवर संपावीत यासाठी मी घड्याळ पाहतो. चहासाठी कोणी पाहत नाही.

त्या चहात गेली दोन वर्षं सर्वांत जास्त निघणारं नाव ओंकारचं. या वसंतात तर दुसरा विषयच नव्हता. ओंकार इथल्या विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जर्मनीतल्या एका व्यावसायिक संघानं त्याला पदवी अर्ध्यावर सोडून खेळायला या, असं कळवलं होतं. जायचं की थांबायचं, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा होता. उत्तरं मात्र मंडळातल्या प्रत्येकाकडे होती.

अतिशयोक्तीला मी असत्यच मानतो. म्हणून जे स्वतः पाहिलं, किंवा ज्यांना खोटं बोलणं साधत नाही अशांकडून ऐकलं, तेवढंच सांगतो.

*

ओंकार सहा फूट चार इंच उंच आणि एकशे तीस किलो वजनाचा. मंडळात मी मुलांना स्तोत्रं शिकवतो, त्या वर्गात तो पाचव्या वर्षापासून बसतो. खेळतो ते अमेरिकन फुटबॉल: हेल्मेट, खांद्यांवर पॅड, हातात लांबट बॉल. इथल्या विद्यापीठांत त्याचे हौशी संघ आहेत. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईवडील आणि फिरायला आणलेली कुत्री.

त्याचे वडील मिलिंद पहिला सामना पाहून आले ते गोंधळूनच. चहाच्या वेळी सर्वांसमोर त्यांनी मुलाला विचारलं की दोन तासांत बॉल तुझ्या हातात एकदाही कसा आला नाही.

ओंकारचं मराठी लीड्समध्ये वाढलेलं आहे. तो म्हणाला, "बाबा, बॉलला हात लावायची माझी कामच नाही. माझ्या मागे एक मुलगा उभा असतो, हॅरी. तो बॉल फेकतो. त्याच्यापर्यंत कोणी पोचायला नको. दॅट्स इट."

म्हात्रे आजी आमच्यात सर्वांत वडील. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि निकाल दिला, "म्हणजे वॉचमन."

मी त्यांना दुरुस्त केलं. "वॉचमन नव्हे. द्वारपाल."

आजी म्हणाल्या, "पगार तेवढाच ना?"

*

कोणत्याही कामाआधी जमिनीला हात लावून तो कपाळी न्यावा, हे मी प्रत्येक मुलाला पहिल्याच शनिवारी शिकवतो. बहुतेक मुलं पुढच्या शनिवारपर्यंत विसरतात. ओंकार विसरला नाही, आणि त्यामुळे त्याच्या संघाचं नुकसान झालं.

बॉल फेकणाऱ्याच्या पुढे पाच जणांची रांग असते. त्यांतला प्रत्येक जण म्हणजे लाइनमन, आणि ओंकार त्यांतलाच एक. लाइनमन वाकून एक हात जमिनीला टेकवतो आणि बॉल निघेपर्यंत तसाच थांबतो. नियम कडक आहे. टेकलेला हात बॉल निघण्याआधी हलला, तर तो गुन्हा. संघाला पाच यार्ड मागे जावं लागतं. आयुष्यातल्या पहिल्याच खेळीत ओंकारनं हात टेकवला. जमीन हाताला लागताच त्याला माझी शिकवण आठवली, आणि हात कपाळाकडे गेला. शिट्टी वाजली. पाच यार्ड मागे.

हे त्या दिवशी तीनदा घडलं.

कोच गॅरेथ हे वेल्सचे, आवाजानं मोठे आणि स्वभावानं सरळ गृहस्थ. त्यांना वाटलं, मुलाला चक्कर येते आहे. ओंकारनं खरा प्रकार सांगितला. तेव्हा ते जे म्हणाले ते मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवलं आहे:

"देवाचं काय ते आधी उभ्यानं उरकून घे. एकदा हात टेकलास की बॉल निघेपर्यंत तू माझा."

पुढच्या सामन्यापासून ओंकार आधी नमस्कार करू लागला आणि मग जागा घेऊ लागला. हंगाम संपेपर्यंत रांगेतले पाचही जण तसं करू लागले. त्यांच्यातला कॅलम हा बार्न्सलीचा मुलगा. मला भेटला तेव्हा त्यानं विचारलं की आम्ही नेमका कोणत्या देवाला नमस्कार करतो.

मी म्हटलं, "भूमीला."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "सामन्यात बहुतेक वेळ मी तिच्यावरच पडलेला असतो."

*

आठ वर्षांचा असताना ओंकारनं आपल्या आजीला शब्द दिला होता की एकादशी मोडणार नाही. आजी आता नाही. शब्द आहे.

एका महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी एकादशी आली. एवढ्या वजनाचा मनुष्य उपाशी राहणार म्हणून गॅरेथ अस्वस्थ झाले आणि थेट ओंकारच्या घरी गेले. त्याची आई वैशाली हॉस्पिटलमध्ये हाडांच्या वॉर्डवर सिस्टर आहे. बोलते कमी, वाढते भरपूर. तिनं कोचला मुलाशेजारी बसवलं आणि दोघांना सारखंच वाढलं: साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर खजूर आणि दूध.

गॅरेथनी सगळं संपवलं आणि बराच वेळ खुर्चीला पाठ टेकवून बसले. मग अत्यंत आदरानं विचारलं, "हा उपास असेल, तर तुम्ही जेवता तेव्हा काय करता?"

हाच प्रश्न मी मंडळाला वीस वर्षं विचारतो आहे.

*

जर्मन संघानं ओंकारला आधी व्हिडिओवर पाहिलं. मग डीटर नावाचा त्यांचा माणूस स्वतः सामना पाहायला आला. त्या दिवशी मीही प्रथमच गेलो. म्हात्रे आजी सोबत होत्या, दोन ब्लँकेटं आणि एक थर्मास घेऊन.

खेळ सुरू झाला. समोरचा एक धिप्पाड मुलगा हॅरीच्या रोखानं धावला, आणि ओंकार आडवा आला. आजी खुर्चीतून उठल्या. "धर त्याला ओंकार, सोडू नकोस! शर्ट धर त्याचा!"

गॅरेथनी मला विचारलं, बाई काय म्हणताहेत. मला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं की प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवायला सांगताहेत, जे तुमच्या नियमांत बसत नसावं.

"नाही बसत," गॅरेथ म्हणाले. "पण सगळ्या आज्या तेच सांगतात."

डीटर एका बाजूला वही घेऊन उभा होता. मध्यंतरात तो माझ्याकडे आला. त्यानं एक गोष्ट टिपली होती. ओंकार ज्याला पाडतो, त्यालाच हात देऊन उठवतो. दर वेळी. हे कोणी शिकवलं, असं त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आमच्या हॉलमध्ये खुर्च्या आवराव्या लागतात. त्याला उचलायची सवय आहे."

डीटरनं तेही वहीत लिहिलं.

गर्व कसा टाळावा, यावर मी दरवर्षी एक संपूर्ण शनिवार बोलतो. त्या मैदानावर पाच मुलं वाकली, पाच हात मातीला लागून कपाळी गेले, आणि मला माझं एकही वाक्य आठवेना.

*

आठवड्याभरात जर्मनीहून पत्र आलं. जागा आत्ता आहे, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

आम्हाला वाटलं, वडील अडवतील आणि आई पाठीशी उभी राहील. झालं उलट. मिलिंद पुण्याहून आले ते एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि वीस वर्षांत त्यांनी खुर्चीसुद्धा बदललेली नाही. ते मुलाला म्हणाले, "मी आयुष्यभर सेफ खेळलो. तू नको खेळूस. जा."

वैशाली एकच वाक्य बोलली. "माझ्या वॉर्डवर चल, तुला गुडघे दाखवते." त्यानंतर तीन आठवडे ती या विषयावर बोलली नाही.

मिल्टन कीन्सच्या मामांनी एक्सेल शीट पाठवली. फायदे, तोटे, प्रत्येकाला दहापैकी गुण. ओंकारनं ती मंडळात सर्वांना वाचून दाखवली. अकराव्या ओळीत 'लग्नाचं स्थळ' होतं. त्यानं तिथूनच मामांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मामा, इंजिनिअरला किती दिलात?"

"आठ."

"आणि लाइनमनला?"

"जर्मनीत सेटल होणार असशील तर तीन."

म्हात्रे आजी कपाआड हसत म्हणाल्या, "वॉचमनला तीन म्हणजे बरेच झाले."

*

शेवटी तो माझ्याकडे आला. सगळे गेले होते आणि आम्ही दोघं खुर्च्या रचत होतो.

"काका, तुम्ही सांगा ना. तुम्ही सांगाल तसं करतो."

मी म्हटलं, "मी श्लोक सांगतो. उत्तरं सांगत नाही."

"मग श्लोक सांगा."

मला श्लोक सुचला नाही. योग्य तेच करा, असं मी मुलांना तीस वर्षं सांगत आलो. योग्य काय ते ज्या दिवशी एका मुलानं खरोखर विचारलं, त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. ठाऊक असल्याचं ढोंग केलं असतं, तर वाटली असती.

मी त्याला तसं सांगितलं. त्यानं मान हलवली, उरलेल्या सहा खुर्च्या एकदम उचलल्या आणि भिंतीशी नेल्या.

"थँक्स काका," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांना माहीत होता."

*

आमच्या मंडळाचे नियम थोडे आहेत. त्यांतला एक असा की हॉल जसा मिळाला तसाच परत करायचा. खुर्च्या आणि टेबलं आवरल्याशिवाय कोणीही जायचं नाही, मग तो प्रमुख पाहुणा का असेना.

डीटर उत्तर घ्यायला शनिवारी हॉलवर आला. चहा संपला होता. मिलिंद खिडकीपाशी उभे होते. वैशाली कप पुसत होती. म्हात्रे आजींना घरी सोडायला गाडी आली होती, पण त्यांनी ती थांबवून ठेवली होती.

डीटरनं खिशातून पत्र काढलं आणि ओंकारला विचारलं की काय ठरलं. ओंकारच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. तो म्हणाला, आधी एवढ्या होऊ देत. डीटरनं आजूबाजूला पाहिलं, पत्र परत खिशात ठेवलं, कोट काढला आणि तोही खुर्च्या रचू लागला. शेवटची खुर्ची भिंतीला लागेपर्यंत हॉलमध्ये फक्त लोखंडाचा आवाज होता.

मग ओंकार त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी डिग्री पूर्ण करतो," तो म्हणाला. "मग येतो. चौदा महिने."

डीटर रागावला नाही. त्यानं शांतपणे समजावलं की संघ कोणासाठी थांबत नसतो. ही जागा रिकामी राहणार नाही. चौदा महिन्यांनी तू येशील, तेव्हा तिथे दुसरा कोणीतरी उभा असेल.

ओंकारनं हात पँटला पुसले.

"असू दे उभा," तो म्हणाला. "समोर उभा असलेल्या माणसाला बाजूला सारणं, हेच तर माझं काम आहे."

मिलिंदनी खिडकीकडे तोंड फिरवलं. म्हात्रे आजींनी काठी एकदा जमिनीवर आपटली.

वैशालीनं मान वर केली नाही. हातातला कप पुसून तिनं तो नीट पालथा ठेवला.

"ओंकार," ती म्हणाली, "टेबलं राहिलीत."