फ्रिजची किल्ली

फ्रिज आला तेव्हा आमली गावच्या आमच्या क्वार्टर्समध्ये तो दुसराच. पहिला साहेबांकडे, म्हणजे तो मोजायचा नाही. वापीहून टेम्पोतून आणला, बाहेरच्या खोलीत उभा केला, वर मी स्वतः विणलेला रुमाल घातला. स्वयंपाकघरात जागा होती, खोटं कशाला बोलू. पण तिथे तो कुणाला दिसला असता?

दिसला तो सगळ्यांनाच. आठवड्याभरात कुणाचं दही, कुणाची मळलेली कणीक, कुणाचे मासे, पाहुणे आले की बर्फाचा ट्रे. बोट दिलं की हात धरतात म्हणतात ते काही खोटं नाही. त्या काळी फ्रिजच्या दाराला कुलूप यायचं. आज सुनेला सांगितलं तर ती हसते. मी ते लावायला लागले आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली.

फक्त बाईंना मी नाही म्हणू शकले नव्हते. समोरच्या दारात एकट्या राहायच्या, मराठी शाळेत शिकवायच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांना साखरेचा आजार होता, दोन्ही वेळा इन्सुलिनची सुई स्वतःच टोचून घ्यायच्या. बाटली थंडच ठेवायची असते, ती आमच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात असायची. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बाई यायच्या, मी कुलूप काढून द्यायची, त्या औषध भरून घ्यायच्या आणि बाटली परत ठेवायच्या. आम्ही गावी गेलो की बाटली त्यांच्या माठापाशी आणि गॅलरीतल्या तुळशीचं पाणी त्यांच्याकडे, म्हणून घराची एक किल्ली कायम त्यांच्यापाशी. फ्रिजची मात्र एकच, माझ्यापाशी.

एका संध्याकाळी नणंद आली होती. माझे हात पिठात, जुडगा फ्रिजवर ठेवलेला. बाई आल्या, त्यांनी किल्ली घेतली आणि स्वतःच दार उघडलं. एवढंच. पण नणंदेच्या भुवया वर गेल्या आणि माझा पारा चढला. जीभ माझी आधीपासूनच तिखट, घरात सगळ्यांना ठाऊक. मी म्हणाले, "बाई, माझ्या फ्रिजला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. एकदाच सांगून ठेवते."

बाईंनी किल्ली जागेवर ठेवली. "चुकलं माझं, वहिनी. नाही लावणार."

दुसऱ्या दिवसापासून त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायला लागल्या. मी "या" म्हणेपर्यंत आत पाय टाकायच्या नाहीत. मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. वचक बसला म्हणून बरं वाटलं.

एप्रिल संपत आला होता. एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास हे ऑफिसातून घाईघाईने घरी आले. धुळ्याहून फोन होता, सासऱ्यांचं जास्त आहे. बाराची नाशिकची एसटी गाठायची होती. बाई निकालाच्या कामाला शाळेत गेलेल्या. माझे हात नेहमीची कामं करत सुटले. दूध तळमजल्यावरच्या गुजराती मासींना दिलं, उरलेली भाजी टाकली, फ्रिजला कुलूप, गॅस बंद, शेवटी मेन स्विच बंद. घर सोडताना मेन बंद करायचा, हा आमच्याकडचा नियमच. मासींना सांगितलं, "दोन दिवसांत येतो. बाईंना म्हणावं, तुळशीला पाणी घाला."

वाटेत खानवेलला चहासाठी गाडी थांबली. यांनी खिडकीतून चहाचा ग्लास दिला, आणि तो हातात घेताना मला बाटली आठवली.

"अहो, बाईंचं औषध फ्रिजमध्येच राहिलं."

हे तसेच खाली उभे. "मग? उतरतेस? तासाभरात घरी पोचशील. तू उद्याच्या गाडीने ये."

मी म्हणाले, "राहू द्या. शिकलेल्या आहेत, करतील काहीतरी. औषधाची दुकानं काय ओस पडलीत?"

सासऱ्यांची काळजी होती, ती खरीच होती. पण मनात आणखी एक आलं होतं, ते यांना आजवर सांगितलेलं नाही. कळू दे जरा दोन दिवस, असं आलं होतं. फ्रिज म्हणजे काय ते कळू दे. चहा पिऊन मी ग्लास परत दिला आणि गाडी सुटली.

सासरे दुसऱ्या दिवशी गेले. मग रडणं, माणसं, पिठलं-भात, दहावं, तेरावं. त्या सगळ्यात बाई मला एकदाही आठवल्या नाहीत.

पंधराव्या दिवशी परतलो. गॅलरीतली तुळस खालूनच हिरवीगार दिसली. बाईंच्या दाराला कुलूप, मला वाटलं सुट्टीला कोकणात गेल्या. आमचं दार उघडलं तर आत फ्रिजची घरघर. मेन मी माझ्या हाताने बंद केला होता. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? घरात कोण शिरलं होतं, हे. चांगली फैलावर घेते एकेकाला, हे.

तेवढ्यात मासी वर आल्या. हातात आमच्या घराची किल्ली. "बेन, ही बाईंच्या पर्समधून निघाली. तुळशीला मीच घालत होते पाणी नंतर."

नंतर म्हणजे कशानंतर, ते मासींनी उभ्या उभ्याच सांगितलं. त्या संध्याकाळी बाई आमच्या घरात गेल्या, अंधार पाहून त्यांनी मेन चालू केला. औषध खराब होऊ नये म्हणून. फ्रिजला कुलूप होतं. मासी म्हणाल्या, "मी म्हटलं, सुरीने उघडू, हलकं कुलूप आहे. तर म्हणाल्या, नको, वहिनींना शब्द दिलाय. दोनच दिवस आहेत, भात सोडला की भागेल." गावातल्या दुकानात ते औषध नव्हतं, वापीहून मागवलं होतं, ते अजून यायचं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. मासींनी स्वतःच्या हाताने लिंबाचं सरबत करून पाजलं, चांगली साखर घालून. हे सांगताना मासी खाली बसल्या. चौथ्या दिवशी बाई उठल्याच नाहीत, दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी गेल्या. भाऊ येऊन सगळं घेऊन गेला.

मी कुलूप काढलं. लोण्याच्या कप्प्यात बाटली होती, निम्म्याहून जास्त भरलेली. गार होती. मी ती हातात घेतली. फ्रिजचं दार बंद कर, एवढंच हे दोनदा म्हणाले.

मी मारलं त्यांना. हे म्हणतात, असं बोलू नये, आयुष्याची दोरी तेवढीच असते. असेल. पण खानवेलला गाडी थांबली होती आणि मी चहा पीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी ते कुलूप काढून टाकलं. दोन स्क्रू होते. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.